गर्दीने निवडले, काळाने राखले : लोकप्रिय मराठी चित्रपटांची एक वैयक्तिक क्रमवारी

लोकांना आवडलेला चित्रपट वेगळा आणि चांगला चित्रपट वेगळा, असे मानण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळे 'सर्वोत्तम' म्हणून निघणाऱ्या याद्यांमध्ये महोत्सवांत गाजलेल्या चित्रपटांची नावे येतात आणि 'सुपरहिट' म्हणून निघणाऱ्या याद्यांमध्ये केवळ गल्ल्याचे आकडे. पुढील दहा चित्रपटांची क्रमवारी या दोन्ही पद्धतींना बगल देऊन केलेली आहे. ती सर्वस्वी वैयक्तिक आहे. मात्र वैयक्तिक असली, तरी तिला काही निकष आहेत आणि ते आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

पहिला निकष असा, की चित्रपट आपल्या काळात सामान्य प्रेक्षकांनी तिकीट काढून पाहिलेला असावा. दुसरा, तो पुन्हा पाहताना पहिल्यापेक्षा वेगळे काही हाती लागावे. तिसरा निकष सर्वांत महत्त्वाचा, आणि क्रम ठरला आहे तो मुख्यतः त्यावर. चित्रपटाने आपल्या प्रेक्षकाची खुशामत केली आहे काय? प्रेक्षकाला जे ऐकायचे आहे तेच ऐकवून टाळ्या मिळवणे सोपे असते. प्रेक्षकाला हसवत, रडवत, गाण्यांत रमवत त्याला न रुचणारी गोष्टही त्याच्या गळी उतरवणे कठीण.

आकडेवारीचा आधार क्रमवारीसाठी घेतलेला नाही. 'सांगत्ये ऐका'चे आठवडे आणि 'सैराट'चे कोटी यांची तुलनाच होऊ शकत नाही. एका पडद्यावर महिनोन्महिने टिकण्याचा तो काळ निराळा आणि पहिल्या आठवड्याअखेर निकाल लागण्याचा आजचा काळ निराळा. शिवाय आमच्या पिढीने यांतील जुने चित्रपट चित्रपटगृहात पाहिलेलेच नाहीत. आधी दूरचित्रवाणीवर आणि पुढे संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर ते आमच्यापर्यंत पोहोचले. गर्दीचा भारलेपणा वजा होऊनही जे उरले, त्याचीच ही नोंद आहे.

१०. माहेरची साडी (१९९१)
दिग्दर्शन : विजय कोंडके. प्रमुख भूमिका : अलका कुबल.

या चित्रपटाला यादीत स्थान देऊ नये, असे अनेकांचे मत पडेल. कथा 'बाई चाली सासरिये' या १९८८ च्या राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली. नायिकेवर एकामागून एक कोसळणारी संकटे, सोशिकतेचा अखंड गौरव आणि अश्रूंचा महापूर, असा सगळा मामला. तरीही गावोगावच्या स्त्रिया समूहाने, मिळेल त्या वाहनाने चित्रपटगृहाकडे निघाल्या, ही घटना दुर्लक्षिण्याजोगी नाही. घरच्या चार भिंतींत ज्या दुःखाला वाचा नव्हती, त्या दुःखासाठी अंधारात का होईना, मोकळेपणाने रडण्याची जागा त्यांना मिळाली. अलका कुबल यांनी ती भूमिका कमालीच्या तळमळीने केली, हेही मान्य केले पाहिजे. चित्रपट दहाव्या क्रमांकावर थांबतो तो मात्र तिसऱ्या निकषामुळे. सोसणे हाच स्त्रीचा धर्म, हे प्रेक्षकांच्या मनात आधीच असलेले तो पक्के करतो. २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'ला स्त्रिया अशाच घोळक्याने गेल्या, पण त्या प्रामुख्याने हसायला आणि नाचायला. दोन चित्रपटांमधील बत्तीस वर्षांत काय बदलले, याचे उत्तर या दोन गर्दींच्या तुलनेत सापडते.

९. सोंगाड्या (१९७१)
दिग्दर्शन : गोविंद कुलकर्णी. लेखन : वसंत सबनीस. संगीत : राम कदम. प्रमुख भूमिका : दादा कोंडके, उषा चव्हाण, रत्नमाला.

दादा कोंडके म्हटले की द्व्यर्थी संवाद, हे समीकरण पुढच्या चित्रपटांमुळे रूढ झाले. त्याखाली 'सोंगाड्या'तील निरागसपणा झाकोळला गेला. तमाशाच्या वेडापायी घर सोडणारा भोळा नाम्या आणि त्याला धाकात ठेवू पाहणारी त्याची आई, ही जोडी मराठी मातीतलीच होती. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य दादांनी रंगमंचावर आधीच गाजवले होते. त्या हजरजबाबीपणाचा वारसा 'सोंगाड्या'त ठायी ठायी दिसतो. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात हा चित्रपट लागावा यासाठी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी हस्तक्षेप केल्याची हकिगत सर्वश्रुत आहे. मराठी चित्रपटाला मुंबईतच पडदा मिळत नाही, ही तक्रार आजही ऐकू येते, हे ध्यानात घेता त्या हकिगतीला केवळ गंमतीचे मोल उरत नाही. विनोद मध्येच सैल पडतो आणि उत्तरार्ध लांबतो, म्हणून हा क्रमांक.

८. श्वास (२००४)
दिग्दर्शन : संदीप सावंत. प्रमुख भूमिका : अरुण नलावडे, अश्विन चितळे, संदीप कुलकर्णी, अमृता सुभाष.

नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला. जीव वाचवायचा तर दृष्टी द्यावी लागणार. कोकणातून शहरातल्या रुग्णालयात आलेला आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला बाहेर घेऊन जातो, जग दाखवायला. माधवी घारपुरे यांच्या कथेवरील या चित्रपटात खलनायक नाही, योगायोग नाहीत, डॉक्टरही कठोर नाहीत. आहे ती एक अटळ गोष्ट आणि ती लहान मुलाला सांगायची कशी, हा प्रश्न. 'श्यामची आई'नंतर अर्धशतकाने राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मराठीकडे आले ते 'श्वास'मुळे. पुढे भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला, तेव्हा प्रचाराच्या खर्चासाठी सामान्य लोकांनी वर्गणी गोळा केली. एखादा चित्रपट समाजाला आपल्या घरातील कार्यासारखा वाटावा, असे क्वचित घडते. पार्श्वसंगीताने काही ठिकाणी अश्रूंना निमंत्रण देण्याची घाई केली आहे. अरुण नलावडे यांचा चेहरा समोर असताना त्याची गरज नव्हती.

७. पिंजरा (१९७२)
दिग्दर्शन : व्ही. शांताराम. संवाद : शंकर पाटील. गीते : जगदीश खेबुडकर. संगीत : राम कदम. प्रमुख भूमिका : श्रीराम लागू, संध्या, निळू फुले.

'द ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटाची कल्पना मराठी तमाशाच्या बोर्डावर आणून शांतारामबापूंनी ती इतकी मुरवली की मूळ शोधायची गरज भासू नये. आदर्श शिक्षक तमाशातील नर्तिकेच्या मोहात पडतो, येथवर कथा ओळखीची आहे. चित्रपट मोठा होतो तो त्यापुढे. गावाने गुरुजींना मृत समजून त्यांचा पुतळा उभारलेला असतो आणि ते स्वतः मात्र स्वतःच्याच खुनाचे आरोपी ठरतात. गावाला माणूस नको आहे, पुतळा हवा आहे, हे भयानक सत्य एका गाणी-नाचांनी भरलेल्या चित्रपटाने सांगितले. डॉ. लागूंच्या डोळ्यांतील पराभव आणि निळूभाऊंचा मिश्कील विखार यांपुढे संध्या यांचा अभिनय मात्र बराचसा नाटकी वाटतो. स्त्री म्हणजे मोहाचा सापळा, ही जुनी चौकटही चित्रपट पूर्णपणे मोडत नाही. या दोन कारणांनी तो पहिल्या पाचांत आला नाही.

६. जगाच्या पाठीवर (१९६०)
दिग्दर्शन : राजा परांजपे. गीते : ग. दि. माडगूळकर. संगीत : सुधीर फडके. प्रमुख भूमिका : राजा परांजपे, सीमा देव.

परांजपे, माडगूळकर आणि फडके या त्रयीने मराठी मध्यमवर्गाला त्याचा स्वतःचा चित्रपट दिला. 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे १९५२ चे दोन्ही चित्रपट या जागेसाठी तितकेच योग्य ठरले असते. 'जगाच्या पाठीवर' निवडला तो त्यातील करुण रसामुळे. निराधार भटका माणूस आणि रस्त्यावर गाणारी अंध मुलगी, ही कल्पना चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'ची आठवण करून देते. परांजपे यांचा नायक मात्र चॅप्लिनची नक्कल करत नाही. त्याची लाचारी, त्याचा संकोच आणि मदत करून वर पुन्हा ओशाळणे खास आपल्याकडचे आहे. गाणी तर कथेच्या मागे मागे येत नाहीत, तीच कथा पुढे नेतात. आज ती गाणी चित्रपटापासून सुटून स्वतंत्रपणे गायली जातात. अनेकांना ती कोणत्या चित्रपटातील आहेत, हेही ठाऊक नसते. गीतकार-संगीतकारांचा हा गौरव असला, तरी चित्रपटावर अन्याय आहे.

५. सांगत्ये ऐका (१९५९)
दिग्दर्शन : अनंत माने. पटकथा : व्यंकटेश माडगूळकर. संगीत : वसंत पवार. प्रमुख भूमिका : जयश्री गडकर, हंसा वाडकर.

पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेला हा चित्रपट 'तमाशापट' या शब्दात बसवून बाजूला ठेवण्याची चूक समीक्षकांनी बराच काळ केली. गावच्या पाटलाने केलेल्या अत्याचाराचा हिशेब त्या अत्याचारातून पोरकी झालेली मुलगी थेट फडावरून मांडते. न्यायालय नाही, पंचायत नाही. ज्या बोर्डावर नाचणाऱ्या बाईला गाव हलके लेखते, त्याच बोर्डाचा ती साक्षीच्या पिंजऱ्यासारखा उपयोग करते. चित्रपटाच्या नावातच स्त्रीचा आवाज आहे. 'पिंजरा'त नर्तिका पुरुषाच्या पतनाचे निमित्त आहे, येथे ती स्वतः वक्ती आहे. म्हणूनच उत्पादनमूल्यांत उणा असूनही हा चित्रपट त्याच्या वर ठेवला आहे. हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मकथनालाही हेच नाव दिले आणि त्यावर आधारित 'भूमिका' हा चित्रपट श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये केला. लोकरंजनासाठी काढलेल्या एका चित्रपटाचे नाव एका अभिनेत्रीच्या परखड कबुलीला शोभावे, यातच त्याचे बळ आहे.

४. सिंहासन (१९७९)
दिग्दर्शन : जब्बार पटेल. पटकथा : विजय तेंडुलकर. संगीत : हृदयनाथ मंगेशकर. प्रमुख भूमिका : निळू फुले, अरुण सरनाईक, श्रीराम लागू, सतीश दुभाषी.

अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरील हा चित्रपट पत्रकाराने आपल्या यादीत घ्यावा, यात पक्षपात असेल तर तो मान्य आहे. मुख्यमंत्र्यांची खुर्ची, अर्थमंत्र्यांचे डावपेच, कामगार पुढारी, तस्कर आणि या साऱ्यांमधून हिंडणारा बातमीदार दिगू टिपणीस. गावरान खलपुरुष म्हणून ओळख असलेल्या निळू फुले यांना दिगूची भूमिका देणे ही दिग्दर्शकाची सर्वांत मोठी खेळी. तो सर्वत्र आहे, त्याला सगळे ठाऊक आहे आणि त्याच्या जाणण्याने काहीही बदलत नाही. मंत्रालयाच्या वाऱ्या करणाऱ्या कोणत्याही बातमीदाराला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. जे कळते त्यातले थोडेच छापून येते, आणि जे छापून येते त्याने खुर्ची हलतेच असे नाही. पक्षांतरे आणि रात्रीच्या बैठका यांच्या बातम्या आजही वाचताना चित्रपटातील प्रसंग आठवतात, ही चित्रपटाची थोरवी खरी, पण राज्याच्या दृष्टीने तो अभिमानाचा विषय नव्हे. शेवटी भानावरून सुटलेला दिगू पडद्यावर दिसतो, तेव्हा वेडा नेमका कोण, याचा निर्णय प्रेक्षकाने करायचा असतो.

३. सैराट (२०१६)
दिग्दर्शन : नागराज मंजुळे. संगीत : अजय-अतुल. प्रमुख भूमिका : रिंकू राजगुरू, आकाश ठोसर.

शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट, ही 'सैराट'ची ओळख सर्वांना आहे. त्यामागची योजना अधिक लक्षणीय आहे. पूर्वार्धात मंजुळे प्रेक्षकाला हवे ते सगळे देतात. विहीर, ऊस, क्रिकेट, बुलेटवरून येणारी बेधडक आर्ची आणि 'झिंगाट'वर चित्रपटगृहात नाचणारे लोक. उत्तरार्धात गाणी थांबतात. हैदराबादच्या झोपडवस्तीत प्रेमाला भाडे, पाणी आणि संशय यांचा हिशेब द्यावा लागतो. आणि अखेरच्या क्षणी पडद्यावरचा आवाजच नाहीसा होतो. जे थोड्या वेळापूर्वी नाचत होते, तेच लोक खाली मान घालून मुकाट बाहेर पडताना अनेकांनी पाहिले आहेत. जातीवर परिसंवादात बोलणे निराळे आणि नाचायला आलेल्या गर्दीला तिच्याच घरातल्या जातीसमोर उभे करणे निराळे. लोकप्रियतेचा इतका धारदार उपयोग मराठी चित्रपटात विरळाच. २०१८ मध्ये 'धडक' या नावाने आलेल्या हिंदी अवतारात गाणी आली, पण ही धार आली नाही. लांबी काहीशी आटोक्यात असती, तर क्रमांक आणखी वर गेला असता.

२. अशी ही बनवाबनवी (१९८८)
दिग्दर्शन : सचिन पिळगांवकर. संवाद : वसंत सबनीस. प्रमुख भूमिका : अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सिद्धार्थ रे, सुधीर जोशी, नयनतारा.

'सिंहासन' आणि 'सैराट' यांच्या वर एक प्रहसन? होय, आणि पूर्ण विचारांती. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटाची कथा येथे पुण्यात आली आणि कायमची पुणेकर झाली. वरवर पाहता हा पुरुषांनी लुगडी नेसण्याचा विनोद आहे. आतून पाहिले तर घर न मिळण्याची गोष्ट आहे. चार तरुणांना शहरात डोक्यावर छप्पर हवे आहे आणि शहर एकट्या तरुणाला खोली द्यायला तयार नाही. नोकरीसाठी, शिक्षणासाठी शहरात येणाऱ्या आणि घरमालकांच्या अटी ऐकणाऱ्या आजच्या मुलांनाही ही अडचण परकी नाही. म्हणूनच हसू शिळे होत नाही. अशोक सराफ यांचा धनंजय माने थापा मारतो, पण कोणाला लुबाडण्यासाठी नव्हे, चौघांची पथारी वाचवण्यासाठी. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीत ओंगळपणा नाही. घरमालकाशी होणारा सत्तर रुपयांचा तो हिशेब तर मराठी माणसाच्या बोलण्यात म्हणीसारखा रुजला आहे. वसंत सबनीसांनी एकाही पात्राला वाया जाऊ दिले नाही. विनोद करताना कोणाला तरी खाली दाखवावे लागते, हा समज खोटा ठरवणारा हा चित्रपट तीन पिढ्या एकत्र बसून पाहतात. ही परीक्षा गंभीर चित्रपटांच्या परीक्षेपेक्षा सोपी समजू नये.

१. संत तुकाराम (१९३६)
दिग्दर्शन : विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल. पटकथा : शिवराम वाशीकर. संगीत : केशवराव भोळे. प्रमुख भूमिका : विष्णुपंत पागनीस, गौरी.

पहिला क्रमांक ठरवताना क्षणभरही विचार करावा लागला नाही. प्रभातचा हा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. म्हणजे गर्दी आणि जाणकार यांच्यात भिंत नसते, हे मराठी चित्रपटाने बोलपटाच्या आरंभकाळातच सिद्ध केले होते. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या पागनीसांच्या तुकारामांत अभिनिवेशाचा लवलेश नाही. शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके एकरूप झाले की अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग मानले.

तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रपटाचा प्राण आहे गौरी यांची जिजाई. तिला देव नको आहे, घरात दाणे हवे आहेत. नवऱ्याच्या भक्तीची किंमत मुलांच्या भुकेने चुकवावी लागते, हे ती बोलून दाखवते. आजारी मुलाला फरफटत देवळात नेऊन ती थेट पांडुरंगाला जाब विचारते. संतपटाच्या प्रेक्षकाला चमत्कार पाहायचे होते. दामले-फत्तेलाल यांनी ते दाखवलेही, पण त्याच वेळी चुलीजवळची बाजू तितक्याच आदराने मांडली. तुकाराम वैकुंठाला जातात, जिजाई संसारात मागे राहते. दोघांपैकी कोणीही चित्रपटाला लहान वाटत नाही. खुशामत न करता भाविकांची मने जिंकता येतात, याचा इतका निखळ पुरावा दुसरा नाही.

यादीबाहेर राहिलेले

'श्यामची आई' (१९५३) का नाही, हा प्रश्न प्रथम येईल. आचार्य अत्रे यांच्या या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. परंतु साने गुरुजींच्या पुस्तकाचा ठसा मनावर इतका खोल आहे की चित्रपटाचे स्वतंत्र मोजमाप करणे मला शक्य झाले नाही. स्मिता पाटील यांच्या भूमिकांनी उजळलेले 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२) हे दोन चित्रपट काठावर राहिले. महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' (१९८५) आणि रवी जाधव यांचा 'नटरंग' (२०१०) यांनाही जागा देता आली नाही.

काही चित्रपट मात्र पसंतीअभावी वगळलेले नाहीत, ते उपलब्धच नाहीत. बाबूराव पेंटर यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत. सावकारी पिळवणुकीवरचा 'सावकारी पाश' (१९२५) आज कोणालाही पाहता येत नाही. त्यामुळे अशी प्रत्येक यादी मुळातच अपुरी असते. पुण्यात प्रभातच्या आवारात आज चित्रपट संस्था आहे आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच शहरात आहे. तरीदेखील जे गेले ते परत येणारे नाही. उरलेल्या फिती जपणे हाच त्यावरचा इलाज.

यादी पूर्ण झाल्यावर एक गोष्ट ठळकपणे जाणवली. जयजयकार नटांचा झाला, गाणी गायकांच्या नावाने ओळखली गेली. पण चित्रपट टिकले तेथे बहुधा एखादा लेखक भक्कम उभा होता. वाशीकर, दोन्ही माडगूळकर, शंकर पाटील, तेंडुलकर, मंजुळे आणि दोन वेगळ्या दशकांत दोनदा दिसणारे वसंत सबनीस. मराठी चित्रपटाला खेळ मिळत नाहीत, प्रेक्षक मिळत नाहीत, या चर्चा होत राहतील आणि त्या रास्तही आहेत. मात्र प्रेक्षकाला शहाणा समजून लिहिणारा लेखक मिळाला, तेव्हा तेव्हा प्रेक्षक आला, अशी या दहांपैकी बहुतेकांची साक्ष आहे.

क्रमवारीशी सहमत होण्याची सक्ती नाही. वाचकांनी आपली यादी करावी, घरातल्या थोरामोठ्यांना त्यांची विचारावी आणि दोन्ही याद्यांत जुळलेले एखादे नाव निघाले, तर तो चित्रपट पुन्हा एकदा एकत्र बसून पाहावा.